लस्कर : मुंबई बंदरातील खलाशांची भरती आणि पगार

'लश्कर' या फारसी शब्दाचा अर्थ फौज, हे उर्दूच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. मराठीने तो 'लष्कर' करून घेतला. हाच शब्द समुद्रावर गेल्यावर त्याचे काय झाले, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी आपल्या चाकरीतील देशी शिपायासाठी तो वापरला. पुढे इंग्रजांच्या तोंडी त्याचा 'लास्कर' झाला आणि शिपाई मागे पडून त्याचा अर्थ देशी खलाशी असा झाला. एकोणिसाव्या शतकात या शब्दाला तिसरा अर्थ चिकटला, आणि तो कायद्याने चिकटवला. या अर्थाने लस्कर म्हणजे असा नोकर, की ज्याचा मालक परमुलखात, ज्याची भरती मुंबई किंवा कलकत्ता बंदरात, ज्याचे काम जगातील कोणत्याही समुद्रावर, पण ज्याचा पगार मात्र भरतीच्या बंदरातील दराने. एकाच जहाजावर, एकाच दोरीला हात घालणाऱ्या दोन माणसांना वेगवेगळा पगार देण्याची सोय या एका शब्दाने झाली. या सोयीचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. कोकणातील मुसलमान आणि गोव्यातील ख्रिस्ती घराण्यांच्या कित्येक पिढ्या या सोयीवर जगल्या आणि याच सोयीने नाडल्याही गेल्या, म्हणून तो आपल्या जवळचा आहे.

इंग्लंडच्या १६६० च्या नौकानयन कायद्यानुसार इंग्रजी जहाजावरील किमान तीन-चतुर्थांश खलाशी इंग्रज असणे आवश्यक होते. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे लंडनहून निघताना हा नियम पाळत. हिंदुस्थानात पोहोचेपर्यंत काही खलाशी तापाने मरत, काही पळून जात, काहींना आरमार जबरदस्तीने उचलून नेत असे. परतीच्या सफरीसाठी माणसे हवीत म्हणून देशी खलाशी घेतले जात. ते लंडनला पोहोचले की त्यांचे काम संपे, आणि पुढील जहाज मिळेपर्यंत ते गोदीच्या गल्ल्यांत उपाशी फिरत. थंडीने मेलेल्या लस्करांच्या तक्रारी वाढल्यावर पार्लमेंटने लक्ष घातले. १८२३ च्या कायद्याने त्यांना परत पोहोचवण्याचा खर्च जहाजमालकांवर टाकला. मात्र त्याच काळातील कायद्यांनी हेही ठरवले, की हे लोक ब्रिटिश अमलाखाली जन्मलेले असले तरी त्यांना 'ब्रिटिश खलाशी' समजले जाणार नाही. राजाची प्रजा म्हणून कर आणि शिक्षा लागू, पण खलाशी म्हणून हक्क लागू नाहीत, असा हा प्रकार होता. १८२३ चा हा कायदा १९६३ पर्यंत पूर्णपणे रद्द झालेला नव्हता, यावरून त्याची उपयुक्तता कोणाला वाटत होती हे लक्षात येते.

वरवर पाहता परत पोहोचवण्याची अट दयेची वाटते. खलाशी परमुलखात टाकून दिला जाणार नाही, मालकाने त्याला घरी आणून सोडलेच पाहिजे. परंतु या अटीची दुसरी बाजू अशी, की खलाशाला लंडन किंवा लिव्हरपूलमध्ये करार संपवून तेथील दराने नवा करार करण्याची वाटच उरली नाही. १८४९ मध्ये नौकानयनाचे जुने कायदे बहुतांशी रद्द झाले, वाफेची जहाजे आली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि हिंदी खलाशांची मागणी झपाट्याने वाढली. त्या वेळी कंपन्यांना ही अट फार कामाची ठरली. १८९४ च्या ब्रिटिश मर्चंट शिपिंग कायद्याच्या १२५ व्या कलमाने ती पक्की केली. हिंदुस्थानात करार केलेल्या लस्कराने ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजावर चढलेच पाहिजे, असे त्याला बांधून घेता येऊ लागले. म्हणजे माणूस जगभर फिरे, पण त्याच्या श्रमाची किंमत मुंबईच्या धक्क्यावर खुंटीला बांधलेली राही.

ही किंमत किती होती? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुपया आणि पौंड यांचा सरकारी दर १५ रुपयांस १ पौंड असा होता. डेकवरील साध्या खलाशाचा मासिक पगार साधारण १५ ते २० रुपये, म्हणजे एक पौंड किंवा थोडा अधिक होता. त्याच काळी कुशल गोऱ्या खलाशाला महिना चार-पाच पौंड मिळत. काळ आणि कंपनीप्रमाणे हे प्रमाण बदले, पण हिंदी पगार गोऱ्या पगाराच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्यात घोटाळत राहिला, असे लस्करांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले होते : गोऱ्या खलाशांच्या जागी हिंदी खलाशी संख्येने जास्त, साधारण दीडपट घ्यावे लागतात, तेव्हा फरक दिसतो तितका नाही. हा हिशेब कागदावरही पुरता जुळत नाही. दीडपट माणसे चौथाई पगारावर घेतली तरी एकूण खर्च निम्म्याहून कमीच भरतो.

पगाराबरोबर जागेचाही हिशेब होता. ब्रिटिश कायद्याने १८६७ मध्ये प्रत्येक खलाशाला जहाजावर राहण्यासाठी ७२ घनफूट जागा ठरवून दिली, १९०६ मध्ये ती १२० घनफूट झाली. लस्करासाठी हिंदुस्थानच्या नियमाप्रमाणे ३६ घनफूट पुरेशी मानली जात होती. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच : कबरीच्या मापाशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण कबर थोडी अधिक खोल असते.

आता भरतीकडे वळू. कंपनी लंडनमध्ये, तिचे एजंट मुंबईत, आणि खलाशी रत्नागिरीच्या खाडीकाठच्या एखाद्या गावात. या तिघांमध्ये दोन पायऱ्या होत्या. एक परवानाधारक दलाल आणि दुसरा सारंग. सारंग म्हणजे डेकवरील देशी खलाशांचा मुख्य. कंपनीला प्रत्येक खलाशी स्वतंत्रपणे निवडण्याची गरज नसे. ती सारंगाला सांगे, आणि सारंग आपल्या गावचे, आपल्या नात्यागोत्याचे लोक घेऊन येई. सारंग बदलला की त्याच्याबरोबर सगळी तुकडी बदले. त्यानंतर सरकारी शिपिंग मास्तरापुढे करारनामा वाचून दाखवला जाई आणि खलाशी अंगठा उठवीत. खलाशाचा अनुभव आणि वर्तणूक नोंदवणारे जे सरकारी पुस्तक असे त्याला मुंबईच्या गोदीत 'नली' म्हणत. ते पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवण्याची चाल होती, म्हणून हे नाव पडले असे सांगितले जाते. नली हरवली की माणूस गोदीच्या लेखी मेल्यासारखाच.

पगार तीन तुकड्यांत हाती पडे. करार होताच काही रक्कम आगाऊ मिळे, चालू पगाराचा एक भाग घरच्यांना एजंटाच्या कचेरीतून देता येई, आणि उरलेली बाकी सफर संपून मुंबईत परतल्यावर चुकती होई. यांतील आगाऊ रक्कम खलाशाच्या खिशात क्वचितच राहत असे. काम मिळेपर्यंतचे महिने मुंबईत काढताना झालेले खाणावळीचे आणि सावकाराचे देणे, दलालाची दस्तुरी आणि सारंगाचा वाटा यांत ती जाई. शेवटी मिळणारी बाकी ही खरी कमाई. पण ती मालकाच्या ताब्यात असल्यामुळे खलाशाचे वागणेही मालकाच्या ताब्यात राही. वाटेत जहाज सोडून गेला तर बाकी बुडे आणि कैदही होई. परदेशात माणसे राबवणाऱ्याला जी जामीनकी हवी असते, ती लस्कराच्या बाबतीत त्याच्याच घामाच्या पैशातून उभी केलेली होती.

सारंगाविषयी लिहिताना आपल्याकडे दोन टोके दिसतात. सरकारी समित्यांच्या लिखाणात तो लाचखाऊ मुकादम आहे, तर कोकणातील घराण्यांच्या आठवणींत तो गावाचा पोशिंदा. माझ्या मते दोन्ही खरे आहे आणि एकाने दुसरे खोटे ठरत नाही. ज्या माणसाला इंग्रजी येत नाही, मुंबईत ज्याचे कोणी नाही, त्याला जहाजावर चढवणारा, आजारी पडल्यास त्याची बाजू मालिमापुढे मांडणारा, मेल्यास त्याची पेटी घरी पोहोचवणारा सारंगच असे. त्याचबरोबर पुढची सफर मिळेल की नाही हेही त्याच्या मर्जीवर होते, आणि त्या मर्जीची किंमत तो वसूल करी. कंपनीने भरतीची जबाबदारी त्याच्यावर सोपवून त्याला ही सत्ता दिली. लाचेचे बोट मात्र समित्यांनी बहुधा त्याच्याकडेच दाखवले, त्याला नेमणाऱ्यांकडे नाही.

वर 'मालिम' हा शब्द आला. भाषेच्या शिक्षकांनी येथे थोडे थांबावे असे वाटते. जहाजावरील गोऱ्या अधिकाऱ्याला खलाशी 'मालिम साहेब' म्हणत. हा अरबी 'मुअल्लिम', म्हणजे आपणच, शिक्षक. अरबी दर्यावर्दी परंपरेत वाट दाखवणारा जाणकार तो मुअल्लिम. सारंग हा फारसी 'सरहंग', म्हणजे तुकडीचा नायक. सुकाणी अरबी 'सुक्कान'वरून आला आणि आपल्या मराठीत सुकाणू होऊन बसला. त्याखालचा तांडेल आपल्याच किनाऱ्यावरचा. भांडारी स्वयंपाक करी, कसाब सामानाची कोठी सांभाळी, इंजिनातला आगवाला भट्टीत कोळसा टाकी, टोपास झाडलोट करी. अरबी, फारसी, मराठी, गुजराती, पोर्तुगीज आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून या लोकांची एक कामाची बोली तयार झाली होती. फोर्ट विल्यम कॉलेजचे नाव निघाले की आपण मीर अम्मन आणि 'बाग-ओ-बहार' यांच्याबद्दल बोलतो. त्याच कॉलेजशी संबंध असलेल्या कॅप्टन टॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश छापला, तो आपल्या एम. ए.च्या अभ्यासक्रमात कोठेही नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांना खलाशांवर हुकूम सोडता यावेत हा त्याचा हेतू होता. परदेशी नोकर ठेवायचे तर त्यांची भाषा शिकावी लागते, एवढे तरी त्या काळच्या मालकांना समजले होते.

जहाजावरील विभागणीही पाहण्यासारखी आहे. मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवर बहुधा कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील लोक असत, इंजिनखोलीत पंजाबी आणि पठाण, तर प्रवाशांच्या सेवेत, भटारखान्यात आणि भोजनगृहात गोव्याचे ख्रिस्ती. तिघांचे अन्न वेगळे, शिजवणारे वेगळे, राहण्याची जागा वेगळी. कोणाला काय खायला चालते याचा मान राखण्यासाठी ही व्यवस्था आहे, असे सांगितले जाई, आणि त्यात तथ्यही होते. मुसलमान खलाशी दारू पीत नाही हे तर कंपन्या आपल्या बाजूचा मुद्दा म्हणून उघडपणे मांडत. पण ज्याच्या निर्व्यसनीपणाची इतकी तारीफ, त्याला त्याबद्दल एक रुपयाही जास्त मिळाला नाही. शिवाय तीन गटांचे तीन मुखिया असले की तिघांनी मिळून एक मागणी करणे अवघड जाते, हेही मालकांच्या लक्षात आल्याशिवाय राहिले नसावे.

गोव्याच्या वाचकांसाठी एक बाब वेगळी नोंदवली पाहिजे. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होता. तेव्हा ब्रिटिश जहाजावर चढणारा गोवेकर हा कायद्याने पोर्तुगीज प्रजाजन. त्याच्या दृष्टीने मुंबई हेच परदेशातील बंदर होते. परक्या देशात येऊन तिसऱ्याच देशाच्या कंपनीशी करार करायचा, आणि पगार मात्र हिंदी लस्कराच्या दराने घ्यायचा, अशी त्याची दुहेरी परकी चाकरी होती. मुंबईत धोबीतलाव आणि माझगाव भागात प्रत्येक गावाच्या लोकांनी आपापले 'कूड' उघडले. काम नसलेल्या दिवसांत तेथे पथारी टाकायची, ट्रंक ठेवायची, संध्याकाळी एकत्र प्रार्थना म्हणायची. कोकणी मुसलमानांच्या गावजमातींच्या खोल्यांचेही काम तेच होते. सावकाराच्या खाणावळीतून सुटण्याचा हा खलाशांनी स्वतः शोधलेला मार्ग होता. भारतातील खलाशांची आजची मोठी संघटना, नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया, आपली परंपरा १८९६ मध्ये गोवेकर खलाशांनी स्थापलेल्या क्लबपर्यंत नेते.

विसाव्या शतकात या व्यवस्थेला दोन महायुद्धांनी उघडे पाडले. १९१४ मध्ये ब्रिटिश जहाजांवर ५१ हजारांहून अधिक लस्कर होते. एकूण खलाशांत त्यांचे प्रमाण साडेसतरा टक्के, म्हणजे दर सहा जणांत एक, असे सांगितले जाते. पहिल्या महायुद्धात त्यांपैकी ३,४२७ मेले, असा आकडा दिला जातो. पाणसुरुंग आणि पाणबुड्या पगाराच्या दराप्रमाणे माणसे निवडत नाहीत. तरीही युद्धानंतर लस्करांचे स्वागत कसे झाले? १९२५ मध्ये ब्रिटनने 'कलर्ड एलियन सीमेन' हुकूम काढला. ज्या बिगरगोऱ्या खलाशाला आपण ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद दाखवता येणार नाही, त्याने पोलिसांकडे परका म्हणून नोंद करावी, असा तो हुकूम होता. लस्कराजवळ पासपोर्ट नसे, आणि नलीला पुरावा मानण्यास पोलीस नेहमी तयार नसत. प्रत्यक्षात प्रजाजन असलेले कित्येक हिंदी खलाशी त्यामुळे परके ठरले.

गोऱ्या खलाशांच्या संघटनांनी येथे समान पगाराची मागणी लावून धरली असती तर मालकांची सोय तेथेच संपली असती. त्यांनी बराच काळ लस्करांना जहाजांवरून हटवण्याचीच मागणी केली. ऑस्ट्रेलियाने तर १९०१ च्या टपाल कायद्यात सरकारी टपालाच्या कंत्राटी जहाजांवर फक्त गोरे खलाशी असावेत, अशी अटच घातली. स्वस्त मजुराचा राग मजुरावर काढायचा, त्याला स्वस्त ठेवणाऱ्यावर नाही, ही रीत फार जुनी आहे.

मे १९२२ मध्ये पी. अँड ओ. कंपनीचे 'इजिप्त' हे जहाज लंडनहून मुंबईकडे येत असताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात टक्कर होऊन बुडाले आणि ८० हून अधिक माणसे मेली. लंडनच्या वर्तमानपत्रांनी लस्करांच्या घबराटीवर खापर फोडले. चौकशीत मात्र जीवरक्षक होड्यांच्या शिस्तीबद्दल कप्तान आणि वरच्या अधिकाऱ्यांकडे दोष गेला. पण वर्तमानपत्र लाखो लोक वाचतात आणि चौकशीचा अहवाल थोडे, त्यामुळे घबराटीची गोष्टच लोकांच्या ध्यानात राहिली.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच लस्करांनी प्रथमच मोठ्या प्रमाणावर काम थांबवले. लंडन, लिव्हरपूल, ग्लासगो आणि इतर बंदरांत त्यांनी वाढीव पगार आणि युद्धधोक्याचा बोनस मागितला. गोऱ्या खलाशांना बोनस मिळाला होता, यांना नाही. युद्धकाळात काम नाकारले म्हणून शेकडो खलाशांना तुरुंगात टाकण्यात आले. ब्रिटनमध्ये सुरत अली आणि कलकत्त्यात आफताब अली यांनी त्यांची बाजू लावून धरली. अखेर जहाजेच निघेनात तेव्हा वाढ मिळाली आणि युद्धाच्या काळात ती आणखी वाढत गेली. शंभर वर्षांच्या अर्ज-विनंत्यांनी जे झाले नाही ते थोड्या महिन्यांत झाले. या युद्धात सुमारे ६,६०० हिंदी खलाशी मारले गेले. लंडनच्या टॉवर हिलवरील व्यापारी आरमाराच्या स्मारकावर त्यांची नावे शोधू नयेत. दोन्ही युद्धांतील ही नावे मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहेत. मृतांची नोंदसुद्धा भरतीच्या बंदरातच ठेवली गेली.

भरतीतील लाचखोरीचा प्रश्न १९२० च्या जिनोआ येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत आला. खलाशाला काम देण्याबद्दल कोणी पैसे घेऊ नयेत, असा ठराव तेथे झाला. त्यानंतर १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने क्लो समिती नेमली. तिने दलाल पद्धत बंद करून सरकारी भरती कचेऱ्या उघडण्याची शिफारस केली. मुंबई आणि कलकत्त्यात अशा कचेऱ्या पूर्णपणे उभ्या राहायला १९५० चे दशक उजाडले. मधली तीस वर्षे मालकांना घाई नव्हती, आणि सरकारलाही.

या सगळ्या काळात कोकणात काय पोहोचत होते? १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर जगतो हे वाक्य आपण गिरणी कामगारांच्या संदर्भात नेहमी ऐकतो. त्यात समुद्रावरच्या माणसांचाही वाटा होता. खाडीकाठच्या गावांतील चिरेबंदी घरे, मशिदींच्या दुरुस्त्या, मदरशांच्या आणि पुढे उर्दू शाळांच्या इमारती यांना हा पैसा लागला. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण आलिम, सरदार आणि देणगीदार व्यापारी यांची नावे काळजीपूर्वक नोंदवतो. देणगीच्या यादीत 'खलाशी मंडळींकडून' एवढीच एक ओळ असते. आपल्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांना गावोगावच्या जुन्या नल्या, करारनामे आणि मनीऑर्डरच्या पावत्या गोळा करण्याचे काम दिले, तर ती एक ओळ बरीच लांब होईल. कागद वाळवीच्या तोंडी जाण्याआधी हे होणे बरे.

१९४६ मध्ये सिएटल येथील श्रम परिषदेत कुशल खलाशाचा जगभराचा किमान पगार प्रथमच आकड्यात ठरला : महिना १६ पौंड किंवा ६४ डॉलर. लस्करांच्या दृष्टीने ही क्रांतीच ठरली असती. परंतु त्याच करारात आणखी एक कलम होते. ज्या जहाजांवर एरवीपेक्षा अधिक संख्येने खलाशी ठेवावे लागतात अशा गटांसाठी हा आकडा योग्य प्रमाणात बदलून घ्यावा, असे त्यात म्हटले होते. लस्कर हा शब्द नव्हता, कोणत्याही देशाचे नाव नव्हते. दीडपट माणसांचा तोच जुना हिशेब सभ्य भाषेत आत येऊन बसला होता. तो करार पुरेशा देशांनी मान्य न केल्याने अमलात आलाच नाही. ब्रिटनने १९७६ मध्ये वंशभेदाविरुद्ध कायदा केला तेव्हाही नवव्या कलमात परदेशात भरती केलेल्या खलाशांना त्यातून वगळले. लंडनच्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या दोन माणसांना वंश पाहून वेगळा पगार देणे बेकायदेशीर ठरले, पण ब्रिटिश जहाजाच्या भटारखान्यात भांडी घासणाऱ्या दोघांपैकी एकाची भरती मुंबईत झाली असेल तर ते कायदेशीर राहिले. २०१० च्या समानता कायद्यानंतर २०११ मध्ये नवे नियम आले. त्यांनी युरोपीय खलाशांना आणि ब्रिटनशी तसा करार असलेल्या काही देशांच्या खलाशांना संरक्षण दिले. भारतीयांना त्या यादीत स्थान नव्हते. २००६ च्या सागरी श्रम कराराने, जो भारताने २०१५ मध्ये मान्य केला, भरतीसाठी खलाशाकडून पैसे घेण्यास पुन्हा एकदा मनाई केली. कुशल खलाशाच्या किमान मूळ पगाराचा सर्व देशांसाठीचा आकडा आता परिषदेच्या संयुक्त समितीत ठरतो. २०२५ साठी तो महिना ६७३ डॉलर होता. मात्र तो शिफारशीच्या स्वरूपाचा असल्याने त्याहून अधिक कोणाला किती द्यायचे, हे आजही बऱ्याच अंशी करारावर सही कोणत्या देशात झाली यावर अवलंबून असते.